गिझर बिघडतो म्हणजे नेमके काय बिघडते?

घरातला विजेवर चालणारा साठवणीचा गिझर मोजक्या भागांचा असतो. आतून काचेसारखा मुलामा दिलेली पोलादी टाकी, पाण्यात बुडालेली कॉइल, ठरावीक तापमानाला वीज थांबवणारा थर्मोस्टॅट, तो फसला तर वीज कायमची तोडणारा कटआउट, टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड, दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह आणि सांध्यातून पाणी झिरपू नये म्हणून बसवलेले रबरी गॅस्केट. यांतला एखादा भाग निकामी झाला की घरातले सगळे म्हणतात, ‘गिझर बिघडला’. टाकी शाबूत असते, नळ्या शाबूत असतात, बाहेरचा लाल दिवा बहुधा लागतही असतो. बिघाड एका भागाचा आणि बोलणे मात्र अख्ख्या वस्तूविषयी. हे बोलणे सैल आहे की बरोबर, या प्रश्नावर भारतीय दार्शनिक हजाराहून अधिक वर्षे भांडले. भागांना ते अवयव म्हणत आणि भागांनी बनलेल्या अख्ख्या वस्तूला अवयवी. अवयवांपलीकडे अवयवी नावाचे काही खरोखर असते का, एवढाच त्या वादाचा गाभा.

नाही म्हणणाऱ्यांत बौद्ध पुढे होते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेला मिनँडर, भिक्षू नागसेनाशी वाद घालतो. राजा रथातून आला हे ऐकल्यावर नागसेन त्याला रथच दाखवायला सांगतो. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, असे एकेक विचारत तो राजाकडूनच कबूल करून घेतो की रथ हे विशिष्ट रीतीने मांडलेल्या भागांना व्यवहारापुरते दिलेले नाव आहे. नागसेनाचा रोख अर्थात रथावर नव्हता. माणूस म्हणजेही असाच भागांचा जुळाव आणि ‘नागसेन’ हेही असेच एक नाव, हे त्याला दाखवायचे होते. म्हणून हा वाद कधीच नुसत्या वस्तूंचा राहिला नाही. आत्मा मानावा की नाही, या प्रश्नाकडे जाणारा तो एक रस्ता होता, आणि दोन्ही पक्षांनी त्यात इतका जीव का ओतला ते त्यावरून कळते.

न्याय आणि वैशेषिक ही दर्शने दुसऱ्या बाजूची. त्यांच्या मते सूत विणून वस्त्र झाले की जगात एका नव्या द्रव्याची भर पडते. हे वस्त्र सुतांहून वेगळे असते, पण सुतांवाचून राहू शकत नाही. सुतांमध्ये ते ‘समवाय’ नावाच्या अतूट संबंधाने असते. गौतमाच्या न्यायसूत्रांत यासाठी दिलेली कारणे आजही साधी आणि पटण्याजोगी वाटतात. अवयवी नसता तर काहीच दिसले नसते, कारण उरले असते फक्त परमाणू, आणि परमाणू डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय वस्तूचे एक टोक धरून ओढले की अख्खी वस्तू येते. धान्याच्या राशीतला एक दाणा उचलला तर रास उचलली जात नाही. भिंतीवरचा गिझर मात्र एका कडेला धरून उचलला की कॉइल, रॉड आणि आतले गॅस्केट यांच्यासह सगळा हातात येतो.

बौद्धांचा उलट सवाल अधिक टोकदार होता. हा अवयवी प्रत्येक भागात पूर्ण असतो की थोडाथोडा? पूर्ण असेल तर जितके भाग तितके अवयवी झाले. थोडाथोडा असेल तर भागांना पुन्हा भाग पडले आणि प्रश्न एक पायरी मागे सरकला. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने त्यात भर घातली की एका वस्तूत विरोधी धर्म राहू शकत नाहीत: हात हलतो आणि पाय हलत नाही, मग शरीर हलते की नाही? पंडित अशोक या बौद्ध आचार्याने तर अवयवीच्या खंडनासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि उदयनासारख्या नैयायिकांनी अशा आक्षेपांना सविस्तर उत्तरे दिली. गिझरच्या बाबतीत हाच आक्षेप असा येईल: टाकीचा तळ तापलेला आहे, वरचे झाकण थंड आहे, तर ‘गिझर तापला’ हे विधान खरे की खोटे?

नैयायिकाने येथे जपून बोलायला हवे, कारण त्याच्याच घरात एक अडचण आहे. वैशेषिक सूत्रकार कणाद याच्या परंपरेत भिन्न जातींची द्रव्ये मिळून एक द्रव्य होत नाही. शरीरात पाणी, उष्णता, वायू हे सगळे असूनही वैशेषिक शरीराला केवळ पार्थिव मानतात ते याच कारणाने. बाकीची भूते तेथे नुसती साहाय्याला. पोलाद, तांबे, रबर, प्लॅस्टिक आणि मॅग्नेशियम यांचा मिळून झालेला गिझर हा काटेकोर वैशेषिक निकषावर एक द्रव्य ठरेल का, याची शंकाच आहे. पण रथाबद्दल भांडताना दोन्ही पक्षांनी लाकूड आणि लोखंड यांचा हिशेब मांडला नाही, तेव्हा गिझरलाही तेवढी सवलत द्यायला हरकत नसावी.

न्यायमताचा खरा उपयोग होतो तो कारणांच्या त्याच्या वर्गवारीत. कार्य घडायला तीन प्रकारची कारणे लागतात. ज्यात कार्य समवायाने राहते ते समवायी कारण, म्हणजे वस्त्राच्या बाबतीत सूत. त्या सुतांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. आणि विणकर, माग, धोटा ही निमित्तकारणे. यात असमवायी कारण हा प्रकार अनेकांना पंडिती बारकावा वाटतो. पण गिझरच्या दुरुस्तीत वारंवार भेटणारे एक दुखणे नेमके तेच असते. कॉइल चांगली, थर्मोस्टॅट चांगला, वायर चांगली, तरी पाणी तापत नाही किंवा जळका वास येतो. झाकण उघडले की दिसते, वायर जिथे स्क्रूने आवळलेली असते तो सांधा ढिला झाला आहे. ढिल्या सांध्यात संपर्काचे क्षेत्र कमी होते, विरोध वाढतो, तेवढीच जागा तापते, वायरचे आवरण वितळते आणि सांधा आणखी ढिला होतो. येथे एकही भाग मुळात दोषी नव्हता. दोष होता संयोगाचा. भाग आणि त्यांची नावे एवढेच मानणाऱ्या तत्त्वज्ञानाला हा बिघाड कुठे नोंदवायचा याची जागा सहज सापडत नाही. नागसेनाने मांडणीचा उल्लेख केला होता खरा, पण मांडणीला कारणाचा दर्जा दिला तो नैयायिकांनी.

आता ज्या कामासाठी हे सगळे मांडलेले असते त्या उष्णतेकडे यावे. वैशेषिकांच्या मते शीतस्पर्श हा पाण्याचा स्वभाव आणि उष्णस्पर्श हा तेजाचा. तापलेले पाणी हाताला गरम लागते ते पाण्याच्या गुणामुळे नव्हे, तर त्यात शिरलेल्या तेजाच्या कणांमुळे; ते निघून गेले की पाणी आपल्या स्वभावावर येते. मातीच्या घड्याचे तसे नसते. भट्टीत त्याचा काळा रंग जाऊन लाल रंग येतो तो कायमचा, आणि हा बदल सुट्या परमाणूंत होतो की अख्ख्या घड्यात, यावर वैशेषिक आणि नैयायिक आपसांतही भांडले. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हे सतराव्या शतकातले छोटे पाठ्यपुस्तक या मतांची ओळख करून देते. आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची टिपांसह आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि पुढे कॉलेजांतल्या पिढ्या त्यावरच शिकल्या.

उष्णता म्हणजे कणांची घुसखोरी नव्हे, हे आजचे भौतिकशास्त्र सांगते. पण पाण्याला उष्णता बाहेरून, मोजून द्यावी लागते, हा भाग टिकून आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसवर न्यायचे तर अडीच हजार किलोज्यूल, म्हणजे २ किलोवॉटच्या कॉइलला साधारण २१ मिनिटे. गळती धरून थोडी अधिक. हिवाळ्यात कालपरवापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांत तापणारे पाणी तासभर कोमट राहू लागले, तर तेवढ्या आकडेमोडीनेच कळते की दिलेली ऊर्जा पाण्यापर्यंत पोचत नाही, किंवा दिलीच जात नाही.

ती वाटेत अडण्याचे मुख्य कारण म्हणजे क्षार. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि न विरघळणारा कार्बोनेट मागे राहतो. तो पहिल्यांदा बसतो तो सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे कॉइलवर. पांढऱ्या खवल्यांचा हा थर उष्णता वाहून नेण्यात मंद असतो. त्यामुळे कॉइलच्या नळीतली उष्णता पाण्यात जाण्याऐवजी नळीतच साचते, आतली नायक्रोमची तार प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस तुटते. काही वेळा तार तुटण्याआधी नळीलाच चीर पडते, आतल्या तारेभोवतालची मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओलावते आणि वीज पाण्यातून टाकीच्या अंगावर येते. नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, असेल तर वीज लगेच तुटते. नसेल तर काय होते ते वर्तमानपत्रांत वाचायला मिळते.

कॉइल चांगली आणि वीजही येते, तरी पाणी तापत नाही, असे कटआउट पडल्याने होते. या ‘सगळे असून काम नाही’ अवस्थेवर मीमांसा दर्शनाचे अनुयायी मीमांसक आणि नैयायिक यांच्यात एक गाजलेला वाद आहे. दोघांचे उदाहरण एकच: अग्नी आहे, लाकूड आहे, दोघांचा संयोग आहे, पण जवळ एक विशिष्ट मणी ठेवला की अग्नी जाळत नाही. मीमांसक म्हणतो, याचा अर्थ अग्नीत न दिसणारी एक दाहशक्ती असते आणि मणी ती नष्ट करतो किंवा कोंडतो. नैयायिकाला अशी अदृश्य शक्ती मानणे नको असते. तो म्हणतो, दाहाच्या कारणांत अग्नीबरोबर ‘प्रतिबंधकाचा अभाव’ हेही एक कारण धरा. मणी आला की तो अभाव संपला, म्हणून दाह नाही. अभावाला कारणाचे स्थान देणे ही न्यायाची धीट चाल होती. कटआउटच्या बाबतीत तिचा सरळ प्रत्यय येतो. पडलेला कटआउट हा प्रतिबंधक. कॉइलला काहीही झालेले नाही, तिच्यातली कसलीही ‘शक्ती’ गेलेली नाही, वाट अडवलेली आहे एवढेच. कॉइल बदलून हा बिघाड जात नाही, आणि तरी अनेक घरांत पहिल्यांदा कॉइलच बदलली जाते.

याच वादात ‘उत्तेजक’ नावाची तिसरी वस्तू येते. मणी जवळ असूनही ती आणली की अग्नी पुन्हा जाळू लागतो. दुरुस्तीच्या व्यवहारात उत्तेजकाला अगदी घरगुती नाव आहे: ‘डायरेक्ट करणे’. थर्मोस्टॅट किंवा कटआउट बाजारात मिळेना, किंवा गिऱ्हाईक खर्चाला कुरकुरले, की काही मिस्त्री दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडून देतात. पाणी तापते, गिऱ्हाईक खूश होते. दार्शनिकांच्या उदाहरणात मणी हा नुसता अडथळा होता. तो कोणी का ठेवला हा प्रश्न तेथे आलाच नाही. गिझरमधला प्रतिबंधक मात्र हेतूने ठेवलेला असतो आणि त्याचे अडवणे हेच त्याचे काम असते. बंद टाकीत पाणी उकळू लागले आणि दाब सोडणारा व्हॉल्व्हही क्षाराने जाम असला, तर टाकी फुटते. त्यामुळे निकामी भागांची यादी करताना न तापवणारी कॉइल आणि न अडवणारा कटआउट यांना एका रांगेत बसवणे चूक ठरेल. काम न करणारी कॉइल थंड पाण्याची आंघोळ घालते. काम न करणारा कटआउट काहीच कळू देत नाही. सगळे ठीक असेपर्यंत त्याचा दोष दिसण्याची सोयच नसते.

मग दोष कळतो कसा? येथे प्रश्न ज्ञानाचा होतो, आणि न्यायदर्शनाची मुख्य विद्या तीच. पाणी गार आहे हे प्रत्यक्ष. कॉइल जळाली हे अनुमान. या अनुमानाचा हेतू, म्हणजे त्याचा आधार, सदोष आहे. पाणी गार असणे हे कॉइल जळण्याशिवायही घडते: कटआउट पडलेला असतो, थर्मोस्टॅट अडकलेला असतो, सांधा ढिला असतो, किंवा फेजच आलेली नसते. साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नसतानाही जो हेतू आढळतो त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात आणि हेत्वाभासांत पहिला मान त्यालाच देतात. चांगला कारागीर म्हणून आधी मेन स्विच पाडतो, टेस्टरने वीज नसल्याची खात्री करतो आणि कॉइलच्या दोन टोकांमधला विरोध मोजतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २ किलोवॉटच्या कॉइलचा विरोध साधारण २६ ओहम भरायला हवा. काटा हललाच नाही तर तार तुटली, यात व्यभिचाराला जागा उरत नाही. त्याच टोकापासून टाकीच्या अंगापर्यंत विरोध कमी भरला तर नळी फुटली आहे. एका मोजणीने एकच पर्याय शिल्लक राहावा, अशी ती मांडणी असते.

अन्वय आणि व्यतिरेक ही दुसरी कसोटी: हे असले की ते असते, हे नसले की ते नसते. भाग बदलून पाहणे म्हणजे व्यतिरेकाची तपासणी. पण ती फसवीही ठरू शकते, कारण भाग बदलताना सगळे सांधे नव्याने आवळले जातात आणि ढिला सांधा नकळत दुरुस्त होतो. श्रेय मात्र नव्या थर्मोस्टॅटला मिळते. कुंभाराचे गाढव माती वाहून आणते, घडा होण्याआधी ते नेहमी तेथे असते, तरी घड्याचे कारण म्हणून त्याची गणना होत नाही. अशा कारणाभासाला न्यायात अन्यथासिद्ध म्हणतात. बदललेल्या सुट्या भागांच्या बिलांत अशी गाढवे पुष्कळ सापडतील.

उलटा घोटाळाही होतो, म्हणजे दोष नसताना दोष दिसतो. गिझर चालू असताना व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंब पडू लागले की घरात तो गळका ठरतो. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की सुमारे दीड टक्का फुगते. १५ लिटरमागे सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास. मागे जायची वाट एकमार्गी व्हॉल्व्हने बंद केली असेल तर वाढलेला दाब कुठून तरी सुटायलाच हवा. तापताना पडणारे थेंब म्हणजे व्हॉल्व्ह काम करतो आहे याची खूण. ते तोंड बूच मारून बंद करणे हा आणखी एक उत्तेजकच. पाणी थंड असतानाही व्हॉल्व्ह सतत गळत राहिला, तर मात्र तो खरोखर बिघडला आहे किंवा इमारतीच्या टाकीचा दाब जास्त आहे, हे तपासावे लागते.

भाग बदलल्यावर गिझर तोच राहतो का? ग्रीक लेखक प्लुटार्कने पुराणवीर थीसिअसच्या नावेची गोष्ट नोंदवली आहे. अथेन्सच्या लोकांनी ती नाव जपून ठेवली, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले आणि तत्त्ववेत्त्यांना वादाला विषय मिळाला. इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्स याने १६५५ साली त्यात तिढा वाढवला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्याच क्रमाने जोडल्या, तर खरी नाव कोणती? या प्रश्नावर नैयायिकांचे उत्तर अनपेक्षित आहे. अवयवी खरा मानणाऱ्यांनी तो चिवट मानला असेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात ते म्हणतात की वस्त्राचा एक धागा निघाला तरी जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांतून ‘खंडपट’ नावाचे नवे वस्त्र जन्मते. समवायी कारणांत फरक पडला की कार्य तेच राहणे शक्य नाही. ‘हे तेच वस्त्र’ ही ओळख मग केवळ सारखेपणामुळे होते. सगळे क्षणोक्षणी नष्ट होते या बौद्धांच्या क्षणिकवादाविरुद्ध जी ओळख ते पुरावा म्हणून आणत, तिलाच येथे त्यांना बौद्धांप्रमाणे सादृश्यावर सोडून द्यावे लागते. तर्काला धरून चालायचे म्हणून त्यांनी ही किंमत मोजली. व्यवहाराला ती परवडत नाही. गॅस्केट बदलले म्हणून गिझर नवा झाला, असे कोणताही दुकानदार मानणार नाही आणि नवी वॉरंटीही देणार नाही.

जैनांनी दोन्हींमधली वाट घेतली. उत्पत्ती, नाश आणि टिकाव हे तिन्ही प्रत्येक वस्तूत एकाच वेळी असतात, हे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातले मत. समंतभद्रांच्या आप्तमीमांसेत त्याचे सुंदर उदाहरण आहे: सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तेव्हा घट हवा असणारा दुःखी झाला, मुकुट हवा असणारा आनंदला, आणि सोने हवे असणाऱ्याला काहीच वाटले नाही. तिघांच्या भावना खऱ्या, कारण तिघांचे विषय खरे. वस्तू तीच की वेगळी, याचे उत्तर ती कोणाला कशासाठी हवी आहे याच्याशी बांधलेले असते, हे या उदाहरणातून निघते. आणि दुरुस्तीच्या बाबतीत हेच उत्तर सर्वांत टिकाऊ दिसते.

टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड या चर्चेत वेगळा बसतो, कारण झिजणे हेच त्याचे काम आहे. मॅग्नेशियम हा लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील धातू. दोन्ही पाण्यात एकमेकांना जोडून ठेवले की गंज मॅग्नेशियमला लागतो आणि मुलाम्याला बारीक तडे गेलेल्या जागीही पोलाद वाचते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ साली इंग्लंडच्या आरमारी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून ही युक्ती प्रथम मांडली. तांबे वाचले. पण तांबे विरघळणे थांबल्याने त्याचा विषारीपणाही गेला आणि जहाजांच्या तळाला शिंपले व शेवाळ भरभरून चिकटू लागले, म्हणून आरमाराने तो प्रयोग सोडला. झिजून काटकी झालेला रॉड सदोष म्हणायचा का? भाग म्हणून पाहिला तर तो संपला आहे. अवयवीच्या अंगाने पाहिले तर त्याने आपले काम चोख केले. उलट दोन-तीन वर्षांनी जशाचा तसा निघालेला रॉड पाहून शंका यावी, की त्याचा टाकीशी विजेचा संपर्कच नसेल. त्याची तपासणी मात्र क्वचित होते, कारण तो संपला हे पाण्याच्या उबेवरून कळत नाही. कळते ते टाकी गळल्यावर.

दोष कोणाच्या माथी लावायचा, हा प्रश्न नीतीचा आणि कायद्याचाही. कॉइलला जबाबदार धरता येत नाही. जबाबदारी माणसावर किंवा संस्थेवरच येते, आणि ती येते अख्ख्या वस्तूच्या नावाने. भारताच्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाने झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांच्यावर वेगवेगळी सांगितली आहे. उत्पादकाच्या बाबतीत घडणीतला दोष, रचनेतला दोष आणि वापराच्या पुरेशा सूचना न देणे, हे तिन्ही धरले आहेत. रचनेतला दोष हा एका भागाचा नसतोच, आणि न दिलेली सूचना तर अभावच. म्हणजे संयोगाला आणि अभावाला कारण मानण्याची नैयायिकांची सवय कायद्यालाही टाळता आलेली नाही. उत्पादनात फेरफार केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ‘डायरेक्ट’ केलेल्या गिझरचा मालक तेथे एकटा पडतो.

अभाव कारण असण्याचे सर्वांत कठोर उदाहरण गॅस गिझरचे. त्याचा एकही भाग बिघडलेला नसताना तो जीव घेऊ शकतो. बंद न्हाणीघरात ज्योत प्राणवायू वापरत राहते, तो कमी पडला की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. येथे मृत्यूचे कारण म्हणजे एक नसलेली खिडकी. यंत्र कंपनीकडे परत पाठवले तर ते निर्दोष ठरेल. हे यंत्र बसवायचे ते न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत. आणि तसे न बसवणाऱ्याला निमित्तकारणांच्या यादीतून सुटता येत नाही.

कर्माच्या नावाने अशी जबाबदारी झटकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ‘वेळ आली होती’ असे म्हटले की मिस्त्रीही सुटतो आणि घरमालकही. पण न्याय-वैशेषिकांनी अदृष्ट, म्हणजे कर्मांतून साठलेले न दिसणारे पुण्यपाप, मानले ते सर्व कार्यांचे साधारण कारण म्हणून, ईश्वर आणि काळ यांच्या पंक्तीला. जे सगळ्यांनाच सारखे कारण आहे ते एखाद्या अपघाताचे खास स्पष्टीकरण होऊ शकत नाही. असाधारण कारण वेगळे शोधावेच लागते. अदृष्ट मान्य करूनही ढिला सांधा शोधण्याचे काम शिल्लक राहते, आणि श्रद्धाळू माणसालाही त्यातून सूट नाही.

सगळे भाग मात्र एका मोलाचे नसतात. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, व्हॉल्व्ह, रॉड, गॅस्केट हे बदलता येतात आणि गिझर व्यवहारात तोच राहतो. टाकीला आतून गंजाचे भोक पडले की प्रकरण संपते. आतला मुलामा भट्टीत भाजून चढवलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो भोकाभोवती आणखी तडकतो, म्हणून गळकी टाकी डागणे फारसे टिकत नाही. कॉइल महिन्यापूर्वीच बदललेली असली तरी अशा वेळी कोणी ‘टाकी गेली’ म्हणत नाही. ‘गिझर गेला’ असेच म्हणतात. वॉरंटीच्या कागदावर टाकीला बहुधा कॉइलपेक्षा जास्त वर्षे दिलेली असतात, ते याच भेदाला धरून. भागांत असा एखादा असतो ज्याच्या आश्रयाने बाकीच्यांना त्या वस्तूचे भाग म्हणता येते, हे नागसेनाच्या यादीत आले नव्हते. तेथे आस, चाक आणि जू एकाच मापाने वगळले गेले.

पुढचा व्यवहार भंगारवाल्याकडे होतो. अवयवी जर अवयवांहून वेगळे द्रव्य असेल, तर त्याचे स्वतःचे वजन तराजूत वेगळे का भरत नाही, असा बौद्धांचा एक जुना आक्षेप होता. वजन असते, पण फरक इतका अल्प की तराजूला कळत नाही, असे उत्तर नैयायिक देत. ते त्यांच्या उत्तरांतले सर्वांत दुबळे. भंगारवाला चालू स्थितीतली कॉइल काढून बाजूला ठेवतो, कारण ती दुसऱ्या टाकीत बसते आणि तिचे दाम वेगळे येते. तांबे, पितळ आणि लोखंड तो वेगवेगळे तोलतो आणि प्रत्येकाचा भाव वेगळा लावतो. गिझर म्हणून त्यात तो काहीच धरत नाही.